शोकमग्न मातापिता

आमच्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत दरवर्षी २ नोव्हेंबर रोजी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, सायंकाळची प्रार्थना होते. घरोघरची माणसे आपापल्या थडग्यांवरील गवत काढतात, चुन्याचा हात फिरवितात, झेंडूच्या माळा ठेवतात आणि मेणबत्त्या लावतात. मी पवित्र पाणी शिंपडीत एका थडग्याकडून दुसऱ्या थडग्याकडे जातो. ह्या फेरीत एक थडगे असे होते की, तेथे पोहोचताच माझी पावले आपोआप जलद होत. पाणी शिंपडायचे, प्रार्थनेचे शब्द म्हणायचे आणि पुढे व्हायचे. तेथे उभ्या असणाऱ्या दोन माणसांच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य मला तीन वर्षे झाले नव्हते.

त्या दोघांचा थोरला मुलगा २०१८ साली फौजेत भरती झाला. आमच्या बेळगाव भागात फौजेत जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे; परंतु बापाचे मन नव्हते. दोन एकर भाताची जमीन, वयात आलेला हाताशी एकच कर्ता मुलगा. तो एकोणीस वर्षांचा पोर एका रविवारी मिस्सानंतर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, बाबा तुमचं ऐकतात. तुम्ही एक शब्द टाका." मी शब्द टाकला. त्यांच्या ओसरीवर बसून, चहाचा पेला हाती घेऊन, मी त्या बापाला म्हणालो, "अहो, मुलगा म्हणजे काय बैल आहे, खुंट्याला बांधून ठेवायला?" तो हसला. मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी त्याने मान हलविली.

जानेवारी २०२० मध्ये उत्तरेकडील एका डोंगरी रस्त्यावर त्यांची गाडी दरीत कोसळली आणि तो गेला. पेटी गावी आली ती बंदच. मीच मिस्सा अर्पण केली, मीच प्रवचन केले. गव्हाचा दाणा भूमीत पडून मेला तरच पुष्कळ फळ देतो, ह्या प्रभूच्या वचनाचा दाखला मी दिला आणि त्यावर बराच वेळ बोललो. लोकांना प्रवचन आवडले असे पुष्कळांनी नंतर सांगितले. त्या वेळी पुढच्या बाकावर बसलेल्या बापाने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिले होते. त्यानंतर तो मागच्या बाकावर बसू लागला आणि शेवटच्या आशीर्वादाबरोबर निघून जाऊ लागला. त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

वाचकहो, हे सारे मनात घेऊन मी २०२३ च्या जून महिन्यात वार्षिक एकांतसाधनेसाठी माझ्या जुन्या सेमिनरीत गेलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. दुपारच्या वेळी ग्रंथालयात एक जाडजूड चित्रग्रंथ हाती आला. विद्यार्थिदशेत तो मी चाळलेला होता. परीक्षेच्या घाईत जशी पुस्तके चाळतात तसा. त्या दिवशी एका पानावर हात थांबला. करड्या दगडाच्या दोन मूर्ती: एक पुरुष, एक स्त्री, दोघेही गुडघे टेकलेले. पुरुष ताठ आहे. त्याने आपल्याच दोन्ही हातांनी स्वतःला घट्ट आवळून धरले आहे. स्त्री पुढे वाकलेली, शाल ओढून मान खाली घातलेली. दोघे वेगवेगळ्या चौथऱ्यांवर आहेत. मध्ये अंतर आहे. ती एकमेकांना स्पर्श करीत नाहीत, एकमेकांकडे पाहतही नाहीत. खाली नाव होते, "शोकमग्न मातापिता". त्या दोन्ही मूर्ती मी ओळखल्या. दरवर्षी २ नोव्हेंबरला मी त्यांच्याच पुढून घाईने जात होतो.

त्या मूर्ती घडविणारी स्त्री म्हणजे केटे कोलवित्स. जर्मनीतील ही शिल्पकार व मुद्राचित्रकार ८ जुलै १८६७ रोजी कोनिग्सबर्ग येथे जन्मली. ते शहर तेव्हा पूर्व प्रशियात होते; आज ते रशियात असून कालिनिनग्राद ह्या नावाने ओळखले जाते. वडील कार्ल श्मिट कायदा शिकलेले. परंतु त्या काळच्या सरकारशी आपली मते जुळणार नाहीत हे जाणून ते गवंडीकाम शिकले व घरे बांधू लागले. आईचे वडील यूलिउस रुप्प हे धर्मोपदेशक होते. अधिकृत प्रॉटेस्टंट चर्चने त्यांना पदावरून दूर केले, तेव्हा त्यांनी स्वतंत्र मंडळी स्थापन केली. केटे आपल्या धर्मसभेची नव्हती आणि पुढे आजोबांची श्रद्धाही तिने जशीच्या तशी जपली नाही. हे आधीच सांगून ठेवतो. मृत माणसाच्या तोंडी आपली प्रार्थना घालणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

बालपणीची एक आठवण तिने लिहून ठेवली आहे. धाकटा भाऊ बेंजामिन मेंदूच्या तापाने आजारी होता. आई टेबलाशी सूप वाढीत असता दाईने दार उघडून, बाळाला पुन्हा उलटी होते आहे, असे ओरडून सांगितले. आई क्षणभर ताठ झाली आणि मग पुन्हा सूप वाढू लागली. मुलांपुढे रडायचे नाही असा तिचा निश्चय होता. ते बाळ गेले. त्या वेळी लहानगी केटे लाकडी ठोकळ्यांचे देऊळ मांडून, पुस्तकात वाचलेल्या व्हीनस देवतेच्या पूजेचा खेळ खेळत होती. आईवडील खोलीत येऊन भाऊ गेल्याचे सांगू लागले, तेव्हा ह्या खेळाचीच शिक्षा देवाने दिली असे तिने मनाशी धरले आणि कोणालाही सांगितले नाही. लहान मूल एवढे ओझे एकटे उचलू शकते, हे आपण मोठी माणसे विसरतो.

मुलींना त्या काळी कला अकादमीत प्रवेश नसे. केटेने बर्लिन व म्यूनिक येथील स्त्रियांच्या कलाशाळांत शिक्षण घेतले. १८९१ साली तिने डॉक्टर कार्ल कोलवित्स ह्यांच्याशी विवाह केला आणि दोघे बर्लिनच्या उत्तर भागातील कामगारवस्तीत राहावयास गेली. कार्ल हे कामगारांच्या आजारविमा निधीचे डॉक्टर होते. दवाखाना व घर एकाच इमारतीत. तेथे केटेने पन्नासहून अधिक वर्षे काढली. काम सुटलेल्या नवऱ्यांच्या बायका, गरोदर मुली, खोकणारी मुले औषधासाठी येत, आणि पुष्कळदा डॉक्टरांपाशी बोलून झाल्यावर तिच्याशीही बोलत बसत. तिच्या चित्रांतील रुंद हातांच्या, थकल्या खांद्यांच्या स्त्रिया ह्याच जिन्यावरून वर आलेल्या आहेत. १८९२ साली हान्स व १८९६ साली पेटर असे दोन मुलगे तिला झाले.

तिने प्रथम मूर्ती घडविल्या नाहीत, ठसे घेतले. ह्या कलेस मुद्राचित्रण म्हणतात. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. जेथे लेप खरवडला गेला तेथे तेजाब धातू खाते व खाचा पडतात. त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाब द्यायचा की चित्र उमटते. शिळाछापाची तऱ्हा निराळी: गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने रेखाटायचे. दगड ओला केला की खडूची रेघ पाणी धरत नाही, शाई मात्र धरते. आणि लाकडी ठशात, जे पांढरे राहावयाचे ते कोरून काढायचे, उरेल ते काळे. रंगीत चित्र एकाच श्रीमंताच्या भिंतीवर लागते. ठशाच्या प्रती मात्र पुष्कळ निघतात, अल्प किमतीत मिळतात, गरिबाच्या घरीही जाऊ शकतात. केटेने ही वाट जाणूनबुजून धरली.

१८९३ साली तिने गेर्हार्ट हाउप्टमान ह्यांचे 'विणकर' हे नाटक पाहिले. सायलेशिया प्रांतातील उपाशी विणकरांनी १८४४ साली केलेल्या उठावावर ते आधारलेले होते. चार वर्षे खपून तिने त्या विषयावर सहा मुद्राचित्रे केली. १८९८ च्या बर्लिनमधील मोठ्या प्रदर्शनात परीक्षकांनी त्यांना सुवर्णपदक द्यावे असे सुचविले. कैसर विल्हेल्म दुसरा ह्याने ते नाकारले. पुढे १९०८ पर्यंत तिने सोळाव्या शतकातील जर्मन शेतकऱ्यांच्या युद्धावर सात चित्रे केली. त्यांतील एकात नांगराला बैलांऐवजी माणसे जुंपलेली आहेत. त्यांचे देह ओढीमुळे जवळजवळ जमिनीला समांतर झालेले आहेत. ज्याने नांगर धरला आहे त्याला ते चित्र समजावून सांगावे लागत नाही.

१९०३ सालचे एक चित्र मात्र मला अजून नीट पाहवत नाही. मांडी घालून बसलेली एक स्त्री मृत बालकाला छातीशी असे कवटाळीत आहे की, जणू त्याला पुन्हा आपल्या देहात घेऊ पाहते. ह्या चित्रासाठी तिने स्वतःलाच नमुना केले. सात वर्षांच्या पेटरला हातांवर धरून ती आरशापुढे बसली व रेखाटू लागली. अवघडून तिच्या तोंडून कण्हण्याचा आवाज निघाला, तेव्हा त्या मुलाने, चित्र छानच होईल, असे म्हणून आईचे सांत्वन केले. अकरा वर्षांनी तो मुलगा रणांगणावर पडला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. पेटर अठरा वर्षांचा. सारे सवंगडी स्वयंसेवक म्हणून निघाले होते. वय लहान असल्याने वडिलांची संमती हवी होती, आणि कार्ल संमती देण्यास तयार नव्हते. देशाने अजून तुला बोलाविलेले नाही, असे ते मुलाला सांगत होते. पेटरने आईकडे पाहिले. आई उठली आणि मुलाच्या वतीने तिने पतीची विनवणी केली. कार्लनी संमती दिली. ऑक्टोबरच्या २२ तारखेच्या रात्री बेल्जियममध्ये डिक्समॉइडेजवळ पेटर मारला गेला. बातमी ३० तारखेस घरी आली.

ग्रंथालयातील त्या बाकावर हे वाचताना माझ्या हातातील पुस्तक जड झाले. तो शब्द तिनेही टाकला होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने मुलाचे स्मारक करावयाचे ठरविले. पहिली कल्पना अशी होती की, मध्यभागी पेटरचा आडवा देह, त्याच्या उशाशी बाप आणि पायांशी आई. त्या काळी तीही सर्व आयांप्रमाणे, मुलाने काही थोर कार्यासाठी प्राण दिले, असे मानू पाहत होती. पण वर्षे गेली तसे ते मानणे तिला कठीण होत गेले. ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध हरत आले असता, एका नामवंत कवीने आणखी स्वयंसेवकांनी पुढे यावे असे आवाहन केले. तेव्हा केटेने वृत्तपत्रातून जाहीर उत्तर दिले: पुरे झाले मरण, आता एकही मुलगा जाऊ नये. त्या पत्राच्या शेवटी तिने महाकवी गटे ह्याचे एक वाक्य योजिले. त्याचा अर्थ असा की, पेरणीचे बियाणे दळू नये.

१९१९ साली तिने ते अर्धे स्मारक सोडून दिले. त्याच वर्षी प्रशियाच्या कला अकादमीने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. सन्मान आला, पण स्मारक होईना. ह्या मधल्या वर्षांत ती लाकडी ठशांकडे वळली. 'युद्ध' ह्या नावाचे सात ठसे तिने १९२१-२२ च्या सुमारास कोरले. त्यांत शत्रू नाही, तोफ नाही, निशाण नाही. पहिल्यात एक नग्न माता आपले तान्हे मूल पुढे धरून अर्पण करीत आहे. दुसऱ्यात तरुण मुले मृत्यूच्या ढोलामागून धावत आहेत. तिसऱ्यात आईबाप गुडघ्यांवर कोसळून एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता हात कोणाचा हे कळत नाही. जर्मनीतील उपाशी मुलांसाठी, युद्धविरोधासाठी तिने भित्तिपत्रके काढली. मागणी आली की ती नाही म्हणत नसे.

१९२६ साली पतिपत्नी बेल्जियमला जाऊन पेटरचे थडगे पाहून आली. त्यानंतर स्मारकाचे रूप ठरले. मुलाची आकृती तिने काढूनच टाकली. देवदूत नाही, तलवार नाही, वीराचा मुकुट नाही. केवळ मागे राहिलेली दोघे, आणि ती गुडघ्यांवर. पित्याला कार्लचा चेहरा, मातेला तिचा स्वतःचा. तिने केलेल्या प्रतिमांवरून दगड घडला, आणि जुलै १९३२ मध्ये रोगेवेल्डेच्या दफनभूमीत त्या मूर्ती बसविल्या गेल्या. मुलाला जाऊन तेव्हा जवळजवळ अठरा वर्षे झाली होती. तो जगला होता तितकीच. पुढे १९५० नंतरच्या दशकात तेथील थडगी व्लाद्‌स्लो येथे हलविली गेली आणि मूर्तीही तेथे गेल्या. तेथे पंचवीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत. पेटरचे नाव एका सपाट दगडावर इतरांच्या नावांबरोबर कोरलेले आहे. मातापिता केवळ त्याच्यापुढे गुडघे टेकीत नाहीत. त्या साऱ्या मुलांपुढे टेकतात.

मूर्ती बसविल्या त्या दिवसांची तिची नोंद आहे. ती त्या दगडी स्त्रीपुढे उभी राहिली, स्वतःचाच चेहरा पाहून रडली आणि तिने त्या दगडी गालांवरून हात फिरविला. कार्ल तिच्या मागे अगदी जवळ उभे होते. हा भाग मी त्या दुपारी दोनदा वाचला. दगडातील दोघे एकमेकांपासून दूर आहेत. हाडामांसाची दोघे मात्र त्या दगडापुढे एकमेकांच्या निकट आली होती.

तिचे पुढचे दिवसही सुखाचे नव्हते. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच तिला अकादमी सोडावी लागली, कारण नाझींविरुद्ध सर्वांनी एक व्हावे अशा जाहीर आवाहनावर तिची सही होती. १९३६ साली गुप्त पोलीस घरी येऊन छावणीत पाठविण्याची धमकी देऊन गेले. तिची कामे प्रदर्शनांतून काढली जाऊ लागली. अशा दिवसांत, सत्तरीत असताना, तिने ब्राँझची एक मूर्ती केली. उंची जेमतेम ३८ सेंटिमीटर. बसलेल्या वृद्ध मातेच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये मृत मुलगा कलंडलेला आहे. क्रुसाच्या वाटेचे तेरावे स्थान आपण उपवासकाळात दर शुक्रवारी पाहतो. तेथे प्रभूचा देह मातेच्या मांडीवर सर्वांना दिसेल असा ठेवलेला असतो. केटेच्या मूर्तीतील मातेने मात्र मुलाला आपल्या पायांत, आपल्या वस्त्रात दडविले आहे. जणू आता तरी त्याला कोणी नेऊ नये. ती रडत नाही, विचार करीत बसली आहे. १९९३ पासून ह्याच मूर्तीची मोठी प्रतिकृती बर्लिनच्या 'नोये वाखे' ह्या स्मारकात आहे. वरच्या छताला गोल मोकळी जागा आहे; तीतून पाऊस आणि बर्फ त्या मायलेकरांवर पडते.

१९४० साली कार्ल वारले. दुसरे महायुद्ध भडकले होते आणि पुन्हा कोवळी मुले भरती होत होती. तेव्हा तिने शिळाछापाचे एक शेवटचे चित्र केले. एक म्हातारी स्त्री आपल्या दोन्ही भक्कम बाहूंखाली मुलांना दडवून उभी आहे. मुले मात्र खट्याळ डोळ्यांनी बाहेर डोकावीत आहेत. त्यांना जायचे आहे, आणि म्हातारी त्यांना सोडीत नाही. चित्राचे नाव, 'बियाणे दळू नये'. १९४२ च्या सप्टेंबरात हान्सचा मुलगा, तिचा नातू, रशियाच्या आघाडीवर पडला. त्याचेही नाव पेटर होते. पुढच्या वर्षी बॉम्बवर्षावात तिचे घर जळाले. २२ एप्रिल १९४५ रोजी ड्रेस्डेनजवळील मोरित्सबुर्ग येथे ती निवर्तली. युद्ध संपावयास सोळा दिवस उरले होते.

एकांतसाधनेहून परतताना मी त्या पानाचे छायाचित्र काढून आणले होते. पण ते दाखवावयास मला आणखी दोन महिने लागले. ऑगस्टच्या अखेरीस, भाताची भांगलण संपल्यावर, एका संध्याकाळी मी त्या घराची पायरी चढलो. तीच ओसरी. आईने चहा ठेवला. मी ती दोन चित्रे पुढे केली आणि त्या परक्या मुलखातील आईबापांची गोष्ट सांगितली. आईने मुलासाठी रदबदली केली, बापाने नाइलाजाने होकार दिला, हेही सांगितले. माझा आवाज स्थिर नव्हता.

बाप बराच वेळ त्या दगडी पुरुषाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "फादर, ह्याला थंडी वाजायलीय."

मी म्हणालो, "मी तुमची क्षमा मागायला आलो आहे. त्या दिवशी मी बोललो नसतो तर तुम्ही पोराला सोडलं नसतं."

तो काही बोलण्याआधीच, दाराच्या चौकटीशी उभी असलेली आई म्हणाली, "त्याला तुमच्याकडं मीच धाडलं होतं. बाबा माझं ऐकत नाहीत, फादरांना सांग, म्हणून मीच बोलले." नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. साडेतीन वर्षांत ही गोष्ट तिने त्याला सांगितलेली नव्हती. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आणि मी नको म्हणालो असतो तर तो राहिला असता. मला ते ठाऊक होतं. मी नको म्हणालो नाही." तीन माणसे एकाच अपराधाचे ओझे, तीन वेगळ्या चौथऱ्यांवर बसून, वाहत होती.

निघताना मी त्याला, माझ्या प्रवचनाच्या वेळी त्याने वर का पाहिले होते, ते विचारले. तो शेतकऱ्याच्या साधेपणाने म्हणाला, "तुम्ही दाण्याचं सांगितलंत. दाणा शेतात पडला तर उगवतो, फादर. आमचा रस्त्यावर पडला."

त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि मी दिलेही नाही. प्रभूचे वचन खोटे नाही; मी ते अवेळी उच्चारले होते. प्रभूने ते स्वतःच्या मरणाविषयी म्हटले होते. मी मात्र दुसऱ्याच्या मुलाच्या मरणाविषयी म्हणालो. पेरलेले बी आणि दळले गेलेले बी ह्यांतील भेद, जन्मभर दाणा हाताळणाऱ्या माणसाला मी शिकवू गेलो होतो. आपल्याकडे दुष्काळातही बियाण्याच्या कणगीस कोणी हात लावीत नाही. पोटाला चिमटा घेतात, पण ते राखतात. ती जर्मन बाई शेतकरीण नव्हती. तरी ही गोष्ट तिने ओळखली होती, आणि तिचे मोल तिने चुकविले होते. फौजेत जाऊ नये असे मी कोणा मुलाला सांगत नाही. पण कोणी मजकडे शब्द टाकावयास सांगितले, तर आधी त्या बापाच्या शेजारी बसून, तो गप्प का आहे हे ऐकल्यावाचून मी आता बोलत नाही.

त्या वर्षी २ नोव्हेंबरला मी फेरीत त्या थडग्यापाशी आलो. दोघे उभी होती, नेहमीपेक्षा थोडी जवळ. मी पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटली, आणि मग पुढे न जाता तेथेच गुडघे टेकले. बोलण्यासारखे काही नव्हते. आईही टेकली. बाप उभाच राहिला. परतीच्या पावसाने माती भिजलेली होती आणि माझे गुडघे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. उठताना मला हात टेकावा लागला. तेव्हा त्याने वाकून माझ्या दंडाला धरले.

"उठा फादर," तो म्हणाला, "जमीन ओली आहे."